सेल्फ मारला, पण इंजिन फिरेना : दोष शोधण्याचा एक पाठ



‘गाडी चालू होत नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी घरी, शेजारी किंवा शाळेच्या फाटकाशी केव्हातरी ऐकलेले असते. वेळ बहुधा सकाळची आणि घाईची असते. मग चार जण जमतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ जळला, तिसरा म्हणतो धक्का मारा, आणि चौथा काहीच न बोलता धक्का मारायला लागतो. गाडी कधी चालू होते, कधी होत नाही. पण नेमके काय बिघडले होते ते कोणालाच कळत नाही. पुढे काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी येते आणि महिन्याभरात तीच गाडी पुन्हा त्याच जागी उभी राहते.

माध्यमिक वर्गात आपण ओहमचा नियम शिकतो, त्यावरची उदाहरणे सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरतो. या लेखात आम्ही तोच नियम गाडीच्या बॉनेटखाली नेऊन दाखवणार आहोत. सांगायचे आहे ते एका वाक्यात असे : कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजा, आणि मोजायचे ते सेल्फ मारत असताना मोजा.

आधी तक्रार नीट मांडा

‘चालू होत नाही’ या शब्दांत दोन अगदी वेगळे आजार दडलेले असतात. पहिल्यात चावी फिरवल्यावर इंजिन ‘घुर्र-घुर्र’ करून फिरते, पण पेट घेत नाही. तेथे दोष पेट्रोल-डिझेलच्या पुरवठ्यात, ठिणगीत किंवा गाडीच्या संगणकात असतो. दुसऱ्यात इंजिन फिरतच नाही, किंवा अगदी रेंगाळत फिरते. आजचा आपला विषय हा दुसरा आजार आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगितले तर औषध मिळणे कठीण. गॅरेजमध्येही तसेच आहे.

सेल्फ म्हणजे काय?

पूर्वी इंजिन हाताने फिरवून चालू करत. जुन्या अँबॅसडर किंवा जीपला पुढून हँडल घालून फिरवलेले आपल्या आजोबांनी पाहिले असेल. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याची भीती असे. अमेरिकेत १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ बसवण्यात आला आणि हे काम चावीकडे, म्हणजे मोटरकडे आले. इंजिन फिरवायचे तर मोटर फार मोठी लागेल, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. केटरिंग यांचा विचार वेगळा होता. ही मोटर दिवसभर चालायची नाही, तिला काही सेकंदच काम करायचे आहे. तेवढा वेळ लहान मोटरवर मोठा भार टाकता येईल. सेल्फ सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये असे सांगतात, त्याचे कारण हेच. तो थोड्या वेळासाठीच बनवलेला आहे. जास्त वेळ चालवला तर तापून जळतो.

सेल्फचे मुख्य भाग तीन. पहिला भाग मोटर. तिच्या आत फिरणारे आर्मेचर असते आणि त्याला वीज पोचवणारे ‘कार्बन’ असतात. दुसरा भाग मोटरच्या पाठीवर बसवलेला सोलेनॉइड. चावी फिरवली की एका बारीक वायरीतून त्याच्या वेटोळ्यात वीज जाते, वेटोळे चुंबक बनते आणि आतील लोखंडी दांडा ओढून घेते. हा दांडा एकाच वेळी दोन कामे करतो : लहान दातेरी चाक पुढे सरकवून इंजिनाच्या मोठ्या चक्राच्या दात्यांत अडकवतो, आणि तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून बॅटरीची वीज मोटरला देतो. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ आवाज या दांड्याचा. तिसरा भाग म्हणजे ते लहान दातेरी चाक. मोठ्या चक्राला त्याच्या दहा ते पंधरा पट दाते असतात. मोटरने दहा-पंधरा फेरे मारले की इंजिनाचा एक फेरा होतो, आणि त्या प्रमाणात जोर वाढतो.

म्हणजे येथे दोन वाटा आहेत. एक बारीक वायरीची : बॅटरी, चावी, रिले, सोलेनॉइडचे वेटोळे. ही हुकूम देणारी वाट. दुसरी जाड वायरीची : बॅटरी, सोलेनॉइडचे संपर्क, मोटर, इंजिनाचे अंग आणि तेथून अर्थिंगच्या पट्टीने परत बॅटरी. ही काम करणारी वाट. दोष कोणत्या वाटेवर आहे हे कळले की अर्धे काम झाले.

अर्ध्या दशांश ओहमचीही गरज नाही

घरातील २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर विद्युतधारा घेतो. गाडीच्या सेल्फची शक्तीही साधारण याच पट्टीतली, लहान गाडीत एक किलोवॅटच्या आसपास. पण येथे व्होल्ट फक्त १२. व्होल्ट कमी, तर तेवढीच शक्ती देण्यासाठी अँपिअर जास्त लागणार. म्हणून लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ सुमारे १०० ते १५० अँपिअर घेतो. मोठ्या डिझेल गाडीत हा आकडा २०० च्या पुढे जातो. बॅटरीची वायर अंगठ्याएवढी जाड का असते, याचे उत्तर येथे आहे.

आता समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे आणि त्यामुळे फक्त ०.०५ ओहम रोध निर्माण झाला आहे. विभवांतर = विद्युतधारा × रोध हे सूत्र लावू.

गाडीतला ५ वॅटचा आतील दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो. ०.४ × ०.०५ = ०.०२ व्होल्ट. दिवा लख्ख लागतो.

दोन हेडलाइट मिळून सुमारे ९ अँपिअर घेतात. ९ × ०.०५ = ०.४५ व्होल्ट. प्रकाश किंचित कमी होतो. डोळ्यांना तो फरक क्वचितच जाणवतो.

सेल्फ १२० अँपिअर मागतो. १२० × ०.०५ = ६ व्होल्ट! अर्धी बॅटरी त्या क्षारातच खर्च होईल. प्रत्यक्षात रोधामुळे धाराही घटते आणि सेल्फला ना पुरेसे व्होल्ट मिळतात, ना पुरेसे अँपिअर. तो नुसता ‘टक्’ करतो.

‘अहो, लाइट तर छान लागतात, हॉर्नही वाजतो, मग बॅटरीच्या बाजूला दोष कसा असेल?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर वरच्या तीन ओळींत आहे. थोडी धारा वाहताना न दिसणारा रोध मोठी धारा वाहू लागली की उघडा पडतो. म्हणूनच गाडी स्वस्थ उभी असताना मीटर लावून ‘१२.६ व्होल्ट आहेत, सगळे ठीक’ म्हणणे पुरेसे नाही.

हात लावण्यापूर्वी

पुढील तपासणी विद्यार्थ्यांनी एकट्याने करू नये. वडीलधारी, जाणकार व्यक्ती जवळ हवीच. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये (ऑटोमॅटिक गाडी असल्यास ‘पार्क’मध्ये) असावी. हातातले कडे, अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून जवळ काडी, उदबत्ती किंवा विडी नको. बॅटरीतले आम्ल डोळ्यांत जाऊ देऊ नये. ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस पंख्यापासून दूर ठेवावेत.

टर्मिनल सोडवायची वेळ आली तर आधी मायनस काढावे आणि जोडताना मायनस शेवटी जोडावे. गाडीचे अंग मायनसला जोडलेले असते. आधी प्लस सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर थेट शॉर्टसर्किट होते. मायनस आधी काढले की हा धोका उरत नाही.

कान आणि डोळे काय सांगतात?

मीटर नसला तरी बरीच माहिती मिळते. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने ऐकावे आणि दिव्याकडे पाहावे. काही नव्या गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतात. अशा वेळी आतील दिवा पाहावा.

१. आवाज काहीच नाही, दिवा जरासुद्धा मंद होत नाही : हुकूम सोलेनॉइडपर्यंत पोचत नाही. फ्यूज, रिले, चावीचा स्विच, क्लचखालचा किंवा ऑटोमॅटिक गिअरचा सुरक्षा स्विच, सोलेनॉइडवरची निसटलेली बारीक वायर यांपैकी काहीतरी. बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. डॅशबोर्डवर चोरी-रोधक यंत्रणेचा दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी वापरून पाहावी.

२. आवाज नाही आणि दिवाही मुळातच मिणमिणता किंवा बंद : बॅटरी पार उतरली आहे, नाहीतर टर्मिनल सैल आहे.

३. ‘टक्-टक्-टक्-टक्’ अशी झपाट्याने टकटक : बहुधा बॅटरी कमकुवत. सोलेनॉइड दांडा ओढतो, मोटर धारा मागते, व्होल्ट कोसळतात, दांडा सुटतो. भार गेला की व्होल्ट वर येतात आणि दांडा पुन्हा ओढला जातो. ही टकटक म्हणजे बॅटरीचीच धाप होय.

४. एकच ‘टक्’, आणि दिवा तसाच लख्ख : जाड वाटेवर पुढे कुठेतरी खंड आहे. सोलेनॉइडचे संपर्क जळलेले, कार्बन झिजलेले किंवा अर्थिंगची पट्टी खराब.

५. एकच ‘टक्’, आणि दिवा एकदम मंद : धारा भरपूर जाते पण फिरत काही नाही. बॅटरी कमकुवत, किंवा सेल्फ वा इंजिन जाम. पावसाळ्यात गाडी भरल्या पाण्यातून नेल्यानंतर असे झाले तर सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नये. इंजिनात पाणी शिरले असेल तर आतले भाग वाकतात; गाडी ओढूनच न्यावी.

६. सेल्फ ‘झुंईं’ करून मोकळाच फिरतो, इंजिन हलत नाही : लहान दातेरी चाक दात्यांत अडकत नाही किंवा त्याचा क्लच निसटतो. कर्रर्र असा खरखरीत आवाज आला तर दाते झिजलेले असू शकतात. येथे विजेचा दोष शोधत बसू नये.

आता मीटर लावू

साधा मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. प्रत्येक वेळी सेल्फ चार-पाच सेकंदच मारावा आणि मध्ये किमान अर्धा मिनिट विश्रांती द्यावी.

पायरी १ : गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन खुंटांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. उतरलेली असेल तर आधी चार्ज करा. उतरलेल्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या व्यर्थ आहेत.

पायरी २ : त्याच जागी, सेल्फ मारत असताना मोजा. भरलेल्या बॅटरीचे व्होल्ट ९.६ च्या खाली गेले तर बॅटरीवर संशय घ्यावा. १० च्या वर राहिले आणि तरी इंजिन फिरत नसेल, तर बॅटरी बहुधा निर्दोष आहे.

पायरी ३ : सेल्फ मारत असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर आणि दुसरे सेल्फवरच्या जाड वायरीच्या बोल्टवर ठेवा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

पायरी ४ : एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरे इंजिनाच्या स्वच्छ, उघड्या धातूवर. पुन्हा सेल्फ मारा. आकडा ०.३ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवा. ही पायरी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते, कारण ‘अर्थिंग’ म्हणजे आपोआप असणारी गोष्ट असे आपण धरून चालतो.

पायरी ५ : सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा. ‘टक्’ झाल्यावरही तेथे जवळजवळ १२ व्होल्ट दिसत असतील तर आतील संपर्क जुळत नाहीत.

पायरी ६ : ‘टक्’ होतच नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर चावी फिरवून मोजा. १२ व्होल्टच्या जवळपास आले तर हुकूम पोचला, दोष सेल्फच्या आत. नाही आले तर दोष चावीपासून येथपर्यंतच्या वाटेत.

तिसरी आणि चौथी पायरी जरा उलटी वाटेल. एरवी आपण जेथे व्होल्ट मिळायला हवेत तेथे मोजतो. येथे एकाच वायरीच्या दोन टोकांवर मोजतो आणि आकडा जवळजवळ शून्य यावा अशी अपेक्षा ठेवतो. चांगल्या वायरीने स्वतःसाठी काहीही ठेवून घेऊ नये. जेवढे व्होल्ट वाटेत हरवले तेवढे मोटरला कमी मिळाले.

एक उदाहरण

आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या जुन्या गाडीचे असेच झाले. एकच ‘टक्’ व्हायचा, दिवे लख्ख. आधी बॅटरी बदलली. फरक नाही. मग सेल्फ उतरवून कार्बन बदलले. दोन दिवस गाडी चालली आणि पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मीटर लावला तेव्हा सेल्फ मारताना हे आकडे मिळाले : बॅटरीच्या खुंटांवर ११.४ व्होल्ट, प्लसच्या वायरीत ०.३, मायनस खुंट आणि इंजिन यांच्यात ५.६.

बेरीज-वजाबाकी करा : ११.४ – ०.३ – ५.६ = ५.५. सेल्फच्या वाट्याला साडेपाच व्होल्ट येत होते! इंजिन रबरी बैठकीवर बसलेले असते, म्हणून त्याला गाडीच्या अंगाशी जोडणारी तांब्याच्या जाळीची वेगळी पट्टी लागते. ती पट्टी गंजून बोटभर जागी जेमतेम चार तारांवर तगून होती. सेल्फ काढता-बसवताना ती हलली, म्हणून दोन दिवस बरे वाटले. नवी पट्टी आणि स्वच्छ केलेला बोल्ट एवढ्यावर काम झाले. बॅटरी आणि कार्बन यांचा खर्च मात्र परत येणार नव्हता.

अशा वेळी आणखी एक धोका असतो. नेहमीची वाट बंद झाली की धारा दुसरी वाट शोधते. कधी ती ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या तारेतून जाते आणि ती तार तापून तिचे आवरण वितळते. सेल्फ मारताना अशा तारेतून धूर किंवा जळका वास आला तर ताबडतोब थांबून अर्थिंग पाहावे.

उपाय, आणि काय करू नये

टर्मिनलवरचा क्षार कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा. सोडा आम्लाला उदासीन करतो. पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नये. खुंट आणि क्लॅम्प काचकागदाने चमकेपर्यंत घासावे, घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. व्हॅसलीन आधी नव्हे, नंतर.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची तर क्रम असा : बंद गाडीचा प्लस, चांगल्या गाडीचा प्लस, चांगल्या गाडीचा मायनस, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते; ती बॅटरीजवळ उडू नये म्हणून.

सेल्फला हलके ठोकल्यावर गाडी चालू झाली तर समजा की कार्बन किंवा संपर्क संपत आले आहेत. ते दुरुस्त झाले असा त्याचा अर्थ नाही. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून सेल्फ फिरवण्याची युक्ती कोणी करून दाखवली तरी आपण करू नये. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोर उभ्या असलेल्याच्या अंगावर येते. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. आणि रहदारीच्या रस्त्यावर मुलांना धक्का मारायला कधीही लावू नये.

पालकांना आणि विश्वस्तांना

पालकांना आमचे सांगणे एवढेच की, गॅरेजमध्ये ‘सेल्फ बदला’ असे म्हणू नका. ‘एकच टक् होतो, दिवे मंद होत नाहीत’ असे सांगा, आणि बदलण्यापूर्वी सेल्फ मारताना व्होल्ट मोजायला सांगा. चांगल्या कारागिराला असा ग्राहक आवडतो.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, ते हाताचे काम आणि शास्त्र एकाच छपराखाली शिकवण्यासाठी. त्या गावातल्या मराठी शाळेने हा वारसा पुस्तकापुरता ठेवू नये. विश्वस्तांना विनंती आहे की, प्रयोगशाळेसाठी दोन-तीन मल्टीमीटर घ्यावेत आणि भंगारातून एक जुना सेल्फ आणावा. तो उघडून आर्मेचर, कार्बन आणि सोलेनॉइड हाताळलेल्या मुलाला मोटरची आकृती पाठ करावी लागणार नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत सेल्फ नसतो, हे खरे. पण वायर, जोडणी आणि ओहमचा नियम तेथेही तेच आहेत.

स्वाध्याय

१. बॅटरी उभ्या गाडीत १२.१ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना खुंटांवर ७ व्होल्ट उरतात आणि टकटक ऐकू येते. पहिले काम कोणते?

२. सेल्फ मारताना १२० अँपिअर धारा आहे आणि अर्थिंगच्या पट्टीत १.५ व्होल्ट हरवतात. पट्टीचा रोध किती? तिच्यात किती वॅट उष्णता निर्माण होते?

३. चावी फिरवल्यावर आवाज नाही, दिवा लख्ख. सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर शून्य व्होल्ट. सेल्फ उतरवावा काय?

उत्तरे : (१) बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजणे, आणि ती का उतरली याचा शोध घेणे. (२) ०.०१२५ ओहम, १८० वॅट. (३) नाही. हुकूम पोचतच नाही. आधी फ्यूज, रिले, सुरक्षा स्विच आणि चावीचा स्विच पाहावा.